जपान ब्रह्मदेशात कशाला आला होता? प्लेनो ते फ्रेडरिक्सबर्ग, तीन दिवस

आमची ही ट्रिप ठरली ती जेवणाच्या टेबलावर, आईने विचारलेल्या एका प्रश्नामुळे.

आमची लेक मैत्री अकरावीत आहे. तिच्या हिस्टरीच्या टीचरने वर्गाला काम दिलं होतं: दुसऱ्या महायुद्धातली पॅसिफिकची लढाई का झाली, यावर दहा मिनिटं बोलायचं. मैत्रीने तासाभरात स्लाइड्स बनवल्या. चार कारणं, चार चौकोन, चार रंग. जेवताना तिने लॅपटॉप आजीपुढे धरला. माझी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली. तिने आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली, त्यामुळे इंग्रजी वाचायला तिला अडचण येत नाही. तिने चारही चौकोन चष्मा वर-खाली करून वाचले आणि म्हणाली, "छान आहे. पण जपान ब्रह्मदेशात कशाला आला होता?"

मैत्रीने माझ्याकडे बघितलं. मी राहुलकडे बघितलं. माझा नवरा राहुल पुण्याचा, त्याला जगातल्या प्रत्येक विषयावर मत असतं. त्या दिवशी त्याने भाजी वाढून घेतली.

"आजी, वुई ओन्ली हॅव टू डू अमेरिका अँड जपान," मैत्री म्हणाली.

"असेल. पण माझे बाबा ब्रह्मदेशात होते," आई म्हणाली. "फौजेत. जपान तिथे आला नसता तर बाबा तिथे गेले नसते. म्हणून विचारलं."

माझे आजोबा युद्धात होते हे मला माहीत होतं, पण एखाद्याचं गाव माहीत असतं तितकंच. मी गुगल उघडलं आणि वाचता वाचता एका नावाशी थांबले. टेक्सासमध्येच, डॅलसजवळच्या प्लेनोतल्या आमच्या घरापासून पाचेक तासांवर, फ्रेडरिक्सबर्ग नावाच्या छोट्या गावात पॅसिफिक युद्धाचं भलंमोठं संग्रहालय आहे! समुद्रापासून कितीतरी दूर, डोंगराळ भागात आरमाराच्या लढाईचं संग्रहालय का, तर त्या लढाईत अमेरिकेच्या आरमाराची धुरा सांभाळणारा माणूस या गावात जन्मला म्हणून. एप्रिलचा पहिला आठवडा होता. हिल कंट्रीत, म्हणजे त्या डोंगराळ भागात, ब्लूबॉनेटची निळी रानफुलं फुललेली असणार. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाची तयारी सुरू व्हायला अजून एक वीकेंड मोकळा होता. मी तिथल्या तिथे शुक्रवारची सुट्टी टाकली. मला इतका आनंद झाला होता की मोटेल बुक करताना मी तारीख चुकीची टाकली आणि राहुलने ते बुकिंग कॅन्सल करून दुसरं केलं.

शुक्रवार: फुलांच्या रस्त्याने

डॅलसकडून निघणाऱ्यांना पहिला सल्ला: जीपीएस तुम्हाला ऑस्टिनमार्गे ढकलेल, त्याचं ऐकू नका. ऑस्टिनच्या ट्रॅफिकमध्ये तुमचा उत्साह संपेल. फोर्ट वर्थच्या दक्षिणेला २८१ नंबरचा जुना हायवे पकडा. हिको, लॅम्पॅसस, बर्नेट, मार्बल फॉल्स अशी एकेक गावं लागतात. प्रत्येक गावात एक कोर्टहाऊस, एक चर्च, एक पंप, आणि पाय खाणाऱ्यांसाठी (आपला पाय नव्हे, 'पाय' नावाचा इथला गोड पदार्थ) एक तरी जागा. हिकोला आम्ही थांबलो आणि चौघांत तीन पाय संपवले. आईने सांबारवड्यांचा, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवड्यांचा, डबा बरोबर घेतला होता, पण नारळाच्या क्रीमचा पाय खाल्ल्यावर तिने तो पिशवीत आत सरकवला. "हे आधी संपवा," म्हणाली, "वड्या कुठे पळून जाऊन राहिल्या."

हिकोच्या पुढे रस्ता मोकळा होता. मैत्रीकडे लर्नर्स परमिट आहे, म्हणजे शेजारी लायसन्सवाला मोठा माणूस बसला तर तिला गाडी चालवता येते. परमिट मिळाल्या दिवसापासून तिने हट्ट धरला होता. राहुल शेजारी बसला, मी आणि आई मागे. मैत्रीने आरसे नीट केले, एकदा, दोनदा, तीनदा, आणि गाडी रस्त्यावर घेतली. राहुलच्या बाजूला ब्रेक नसतानाही त्याचा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता.

"बाबा, स्टॉप डूइंग दॅट."

"मी काही करत नाहीये."

"यू आर ब्रेकिंग विथ युअर फेस."

आई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "चांगली चालवते. माझ्या बाबांसारखा हात आहे हिचा, दोन्ही हात वर धरते."

"तू बघितलंय आजोबांना चालवताना?" मी विचारलं.

"नाही ना. तीच तर गंमत आहे. फोटोत बघितलंय." आणि मग तिने सांगितलं. मला वाटतं पुढे बघत बसलेली नात आणि मोकळा रस्ता, यामुळे तिला सांगणं सोपं गेलं.

माझे आजोबा उमरेडकडच्या एका खेड्यातले. फौजेत भरती झाले तेव्हा विशीत होते. तिथे त्यांना गाडी शिकवली आणि मालमोटारीवर घातलं. इंफाळच्या बाजूने डोंगरातून ब्रह्मदेशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते पेट्रोलचे पिंप भरलेली गाडी न्यायचे. लढाई संपली, घरी आले, आणि गाडीला पुन्हा हात लावला नाही. गावात भाताची गिरणी होती. मालकाने ट्रक घेतला तेव्हा ड्रायव्हर म्हणून पहिल्यांदा त्यांनाच विचारलं. ते नाही म्हणाले. त्याच गिरणीत पोती वाहत राहिले.

"ड्रायव्हरला तिप्पट पगार होता," आई म्हणाली. "माझी आई त्यांना रोज बोलायची. मग मी मोठी झाले, मी पण बोलायला लागले. ते ऐकून घेत. कधी उलट उत्तर नाही, कधी कारण नाही. मी बाबांवर रागावूनच मोठी झाले, शुभा."

मैत्रीने आरशातून मागे बघितलं. "आजी, व्हाय डिडन्ट ही?"

"रस्त्याकडे बघ बाळा," आई म्हणाली.

बर्नेटच्या आधी एका वळणावर आम्ही चौघंही एकदम ओरडलो. उजव्या हाताचा अख्खा उतार निळा! कॅलेंडरवर असतो तसला छापील निळा नाही, जांभळ्याकडे झुकणारा, वाऱ्याबरोबर हलणारा निळा, आणि मध्ये मध्ये केशरी फुलांचे ठिपके. रस्त्याच्या कडेला ओळीने गाड्या उभ्या, आणि प्रत्येक कुटुंब आपलं सगळ्यात लहान मूल फुलांत बसवून फोटो काढतंय. आमच्याकडे लहान मूल नव्हतं म्हणून आम्ही आईला बसवलं. (फुलं तुडवू नका, आधीच मळलेल्या जागेत बसा, आणि बसण्याआधी काठीने साप आहे का बघा. हे राहुलने लिहायला सांगितलंय.) शेजारच्या कुटुंबातल्या बाईने आईचा फोटो बघून "गॉर्जस" म्हटलं. आईने मान डोलावून "आय नो" म्हटलं, आणि आम्ही बर्नेटपर्यंत हसत होतो.

संध्याकाळी फ्रेडरिक्सबर्गला पोचलो. हे गाव पावणेदोनशेक वर्षांपूर्वी जर्मनीहून आलेल्या लोकांनी वसवलं, त्यामुळे मेन स्ट्रीटवर चुनखडीच्या दगडाची जुनी घरं, बेकऱ्या, आणि पाट्यांवर जर्मन शब्द. जेवायला सॉसेज, उकडलेले बटाटे आणि आंबवलेली कोबी मागवली. आईने कोबीचा घास घेतला, विचार केला, आणि सांबारवड्यांचा डबा पिशवीतून बाहेर काढला. मोटेल मेन स्ट्रीटपासून जरा लांब घ्या. पंधरा मिनिटं चालावं लागतं, पण भाडं बरंच कमी पडतं.

शनिवार: भिंतीवरचा नकाशा

संग्रहालयासाठी अर्धा दिवस पुरेल असं आम्हाला वाटलं होतं. पुरत नाही. तिकीट दोन दिवस चालतं, ते उगाच नाही. पहाटे उठायची गरज नाही, पण दार उघडतानाच जा, कारण पहिली दालनं शांतपणे बघण्यासारखी आहेत आणि बहुतेक लोक ती ओलांडून थेट विमानांकडे पळतात.

मीही पळणारच होते. आत खरीखुरी दोन माणसांची जपानी पाणबुडी आहे, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या वेळची! पण आईने पहिल्याच खोलीत ठिय्या दिला. लढाई का झाली, ते तिथे होतं.

तिथे हिरवा कोट घातलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या होत्या. नाव एलेन. शाळेतून रिटायर झालेल्या, आता शनिवारी इथे लोकांना माहिती सांगतात. टेक्सासचं ते लांब ओढलेलं बोलणं. मी त्यांना आईचा प्रश्न सांगितला. त्यांचा चेहरा असा खुलला की जणू त्या कित्येक शनिवार याच प्रश्नाची वाट बघत होत्या.

"बर्मा!" त्या म्हणाल्या. "बर्माबद्दल मला कुणीच विचारत नाही. या माझ्याबरोबर."

त्यांनी आम्हाला थेट बर्मावर नेलं नाही. आधी अमेरिकेची काळी जहाजं जपानच्या किनाऱ्यावर जाऊन तोफा दाखवून व्यापार मागतात, तिथून सुरुवात केली. मग जपान घाईघाईने कारखाने उभारतो, आरमार बांधतो, युरोपातल्या देशांकडे बघून ठरवतो की मोठं व्हायचं तर आपल्याकडेही दुसऱ्यांचे मुलूख हवेत. मग जगभर मंदी येते. जपानी खेड्यांतली माणसं रेशमावर जगत होती, आणि ते रेशीम अमेरिकेत विकत घेणारं कुणी उरत नाही. खेड्यांत भूक, शहरात चिडलेले तरुण फौजी अधिकारी. फौज चीनच्या ईशान्येचा मांचुरिया घेते. मग चीनशी लढाई पेटते आणि संपता संपत नाही.

मी भराभरा मराठीत सांगत होते, मध्येच राहुल भर घालत होता, आणि आई हात वर करून आम्हाला थांबवत होती. "समजतंय मला. त्या बाईंना बोलू दे."

एलेनबाई मोठ्या नकाशापुढे उभ्या राहिल्या. "आता बघा. इतकी मोठी फौज, इतकी जहाजं. चालतात कशावर?"

"ऑइल," मैत्री म्हणाली.

"आणि ते येत होतं कुठून? बहुतेक सगळं आमच्याकडून. अमेरिकेतून." त्यांनी हात टेक्सासच्या बाजूला नेला, मग समुद्र ओलांडून जपानवर. "१९४१च्या उन्हाळ्यात आम्ही ते बंद केलं. चीनमधून मागे फिरा, मग तेल. आता त्यांच्यापुढे दोन रस्ते. मागे फिरा, किंवा तेल आहे तिथे जा." त्यांचा हात खाली सरकला, डचांच्या बेटांवर, म्हणजे आजच्या इंडोनेशियावर. "इथे तेल. इथे, मलायात, रबर. आणि हे घ्यायला निघालो तर बाजूने अमेरिकेचं आरमार येणार, म्हणून आधी पर्ल हार्बर."

"आणि बर्मा?" आईने स्वतःच इंग्रजीत विचारलं.

"इथून एक रस्ता चीनमध्ये जायचा." एलेनबाईंनी ब्रह्मदेशाच्या डोंगरातून बोट वर नेलं. "चीनला बंदुका, पेट्रोल, औषधं या रस्त्याने मिळत होती. तो रस्ता तोडायला जपान बर्मात आला. तिथेही थोडं तेल होतं, आणि पलीकडे इंडियाचं दार. पण मुख्य म्हणजे तो रस्ता."

 इतकी वर्षं हे सगळं माझ्यासाठी तुकड्या-तुकड्यांत होतं. शाळेतला पर्ल हार्बर एकीकडे, आजोबा दुसरीकडे. आणि त्या बाईंच्या एका बोटाने टेक्सासच्या तेलापासून उमरेडच्या माणसापर्यंत रेघ ओढली होती. मी मैत्रीचा दंड इतका जोरात दाबला की ती "ऑऽ, मॉम!" म्हणाली. पण ती पण फोनवर भराभर लिहीत होती.

आमच्या मागे एक वयस्क गृहस्थ ऐकत उभे होते. अंगात डेनिमचा शर्ट, हातात संग्रहालयाचा नकाशा. त्यांनी हलकेच विचारलं, "मॅडम, कोरिया कुठे गेला?"

एलेनबाई वळल्या.

"माझे वडील कोरियात जन्मले," ते म्हणाले. "जपानने आमचा देश १९१०मध्ये घेतला. वडिलांना शाळेत आपलं नाव बदलून जपानी नाव घ्यावं लागलं. आमच्या घरात कुणी लढाईचं बोलायला लागलं की तिथूनच सुरू करतं. पर्ल हार्बर येईपर्यंत आमचं जेवण संपलेलं असतं."

त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता, पण एलेनबाईंचे कान लाल झाले. "यू आर राइट, सर," त्या म्हणाल्या. "मी एक पायरी गाळली. घाईत नेहमी गाळते, आणि गाळायला नको." आणि त्यांनी खरंच पुन्हा मागे जाऊन कोरियावर हात ठेवला.

मग त्या गृहस्थांनी आईकडे बघितलं. "आणि तुमच्याकडे? तुमच्या घरात ही लढाई कुठून सुरू होते?"

आईने पुन्हा नकाशाकडे बघितलं. तिला इंग्रजी शब्द सापडत नाहीत असं वाटून मी पुढे झाले, तर तिने मला मागे केलं.

"माय फादर वेंट फॉर शूज," आई म्हणाली.

कुणालाच कळलं नाही. मलाही नाही. मग ती माझ्याकडे वळून मराठीत बोलली आणि मी त्यांना सांगत गेले.

"आमच्या गावात आमच्या लोकांना पायात काही घालून वरच्या आळीतून जाता येत नव्हतं. वहाणा हातात घ्यायच्या. फौजेचं दारही आमच्यासाठी कितीतरी वर्षं बंद होतं. लढाई आली, माणसं कमी पडली, आणि ते दार उघडलं. माझी आई सांगायची, तुझा बाप पगारासाठी गेला नाही, जेवणासाठी गेला नाही. भरतीला जाऊन आलेला एक जण बूट घालून गावातून चालत गेला आणि कुणी त्याला अडवलं नाही, ते याने बघितलं. दुसऱ्या दिवशी हा गेला. बुटांसाठी."

 मला हे माहीतच नव्हतं. माझी आई सत्तरीला आलीये, मी पंचेचाळिशीची, आणि हे मी टेक्सासमध्ये, दोन अनोळखी माणसांना भाषांतर करून सांगता सांगता ऐकलं.

एलेनबाईंनी भिंतीकडे बघितलं. तिथे राजे होते, पंतप्रधान, सेनापती, तेल, रेशीम. "मॅम," त्या म्हणाल्या, "दॅट इज नॉट ऑन माय वॉल." आणि आईचा हात दोन्ही हातांत धरला.

 कोरियन गृहस्थांनी आईला वाकून नमस्कार केला, आईने हात जोडले, आणि ते पुढच्या दालनात गेले.

त्यानंतर आम्ही सगळं बघितलं. पाणबुडी बघितली (माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी अरुंद, आत माणूस वळणार कसा हेच कळेना), विमान बघितलं, तोफा बघितल्या, राहुलने प्रत्येक पाटी वाचली. एका कोपऱ्यातल्या छोट्या पडद्यावर डोंगरातल्या रस्त्याची जुनी फिल्म चालू होती. चिखल, एकापाठोपाठ एक मालमोटारी, वळण इतकं आखूड की गाडी एका दमात वळत नाही. मागे घ्यायची, पुन्हा पुढे, आणि मागे दरी. आई त्याच्यापुढे उभी राहिली. फिल्म संपली, पुन्हा सुरू झाली. ती हलली नाही. मैत्री तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आजी, इज दॅट हिम?"

"नाही गं. पण असाच कुणीतरी." आई पडद्याकडे बोट करून म्हणाली, "मागे पेट्रोलचे पिंप. आणि असलं वळण."

मैत्रीने आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं. ती आजीपेक्षा उंच झालीये, त्यामुळे तिला बरंच वाकावं लागलं.

मी एलेनबाईंना जाऊन विचारलं, लढाईहून आलेले असे ड्रायव्हर पुन्हा गाडी का चालवत नसतील. त्या म्हणाल्या, त्यांच्या वडिलांच्या पिढीतले कित्येक जण कशाला तरी पुन्हा हात न लावता गेले. कुणी बोटीत बसलं नाही, कुणी भात खाल्ला नाही. का, ते त्यांच्या बायकांनाही माहीत नव्हतं. "ते मला सांगता येणार नाही, हनी. तेल का बंद केलं ते मी सांगू शकते."

संग्रहालयाच्या मागे जपानी पद्धतीची बाग आहे. लढाईनंतर जपानने अमेरिकेला भेट म्हणून दिलेली. रेघा ओढलेली वाळू, वाहतं पाणी, लाकडी अभ्यासिका. संग्रहालय बघून घाईने निघू नका, इथे बसाच. आम्ही चौघं बाकावर बसलो आणि उरलेल्या सांबारवड्या संपवल्या.

रविवार: गुलाबी खडक

फ्रेडरिक्सबर्गपासून अर्ध्या तासावर एन्चँटेड रॉक नावाचा गुलाबी ग्रॅनाइटचा प्रचंड घुमट आहे. वीकेंडला आधी रिझर्व्हेशन करा, नाहीतर गेटवरून परत पाठवतात. पाणी भरपूर घ्या, खडकावर झाड एकही नाही, आणि एप्रिलमध्येसुद्धा दगड तापतो.

आईला आम्ही खाली सावलीत बसायला सांगितलं होतं. तिने साडीचा काष्टा खोचला, मैत्रीचे जुने स्नीकर्स घातले आणि चालायला लागली. मध्ये दोनदा बसली, एकदा राहुलचा हात धरला, आणि वर पोचल्यावर आमच्या आधी पोचलेल्या कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. वर इतका वारा होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. चारी बाजूंना ओकची झाडं आणि टेकड्या, आणि आकाश नुसतं मोकळं. आईने दोन्ही हात पसरले आणि काहीतरी ओरडली. काय ते मला अजून माहीत नाही, तिने सांगितलं नाही. पण मी तिला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

परतताना स्टोनवॉलच्या बाजूला पीचची दुकानं लागतात. ताजे पीच मेच्या मध्यानंतर येतात, आता मुरंबा आणि आईस्क्रीम मिळतं. दोन्ही घ्या. २८१ वर पुन्हा मैत्रीने चालवली, आणि या वेळी तिच्या शेजारी मी बसले, कारण राहुलच्या पायात गोळे आले होते. तो म्हणतो, खडकामुळे.

घरी

मैत्रीने चारही चौकोन काढून टाकले. गुरुवारी तिचं प्रेझेंटेशन झालं. तिने बुटांपासून सुरुवात केली, मग रेशीम, मग कोरिया, मग तेल, मग तो चीनचा रस्ता. दहा मिनिटांचं बोलणं वीस मिनिटं चाललं, टीचरने थांबवलं नाही. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सो, डिड ही विन?"  घरी येऊन तिने तोच प्रश्न आजीला विचारला.

"बूट मिळाले ना," आई म्हणाली. "वरच्या आळीतून घालून चालत आले. म्हणजे जिंकलेच की."

या तीन दिवसांतून आमच्याकडे काय काय राहिलं, याचा मी लिहिताना विचार करत होते. मुरंबा चार दिवसांत संपला. नाकाची सोललेली त्वचा बरी झाली. मला युद्धाची कारणं आता अशी पाठ झालीयेत की ऑफिसच्या लंचमध्ये लोक माझ्या शेजारी बसायचं टाळतात. आणि मला एक कळलं, की का झालं असं विचारलं तर माणूस जिथे उभा असेल तिथून सांगायला लागतो, आणि त्यातलं कुणीच खोटं नसतं. पण एक गोष्ट ट्रिपच्या नंतर, आमच्याच सोफ्यावर घडली, ती सांगून थांबते.

शनिवारी संध्याकाळी, म्हणजे नागपूरला रविवारची सकाळ, आईने माझ्या मोठ्या मावशीला व्हिडिओ कॉल लावला. मावशी आईपेक्षा आठेक वर्षांनी मोठी, गावातल्या दिवसांची तिला जास्त आठवण. आईने तिला नकाशा सांगितला, वळण सांगितलं, पिंप सांगितले. आणि म्हणाली, "ताई, मी बाबांना उगाच बोलायची गं. असली गाडी चालवल्यावर कुणाला पुन्हा चालवावीशी वाटेल? म्हणूनच त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही."

"शेवटपर्यंत कुठे?" मावशी म्हणाली. "एकदा चालवली की."

आईने फोन डोळ्यांजवळ नेला.

"तुला कोणी सांगितलं नाही काय? तू तीन वर्षांची होतीस. ताप उतरेना, तुझे डोळे फिरले. कंपाउंडर म्हणाला, नागपूरला न्या. गिरणीत मालकाची जीप उभी होती, ड्रायव्हर गावाला गेला होता. बाबा गेले, चावी मागितली, आणि आणली जीप दारात. आई तुला घेऊन पुढे बसली, मी मागे. नागपूरपर्यंत बाबांनी चालवली. दवाखान्यात तुला आत नेलं, तर ते बाहेर पायरीवर बसले ते उठेचनात. त्यांना दोघांनी धरून पाणी पाजलं. परत आणायला मालकाने दुसरा माणूस पाठवला."

 मैत्री जिन्याच्या पायरीवर बसली होती, तिला सगळं कळत होतं.

"मला काहीच आठवत नाही," आई म्हणाली. "मी रडत होते काय गं ताई?"

"नाही," मावशी म्हणाली. "बाबांच्या मांडीवर पाय टाकून झोपली होतीस. अख्खा रस्ता."